घाण्याले पाणी

जाऊबाई, रामराम.

अनुदानाचे साहेब तपासणीले येणार म्हणून म्या आपला लाकडी तेलघाणा पाण्यानं घासून धुतला. तुमी पेंडीनंच पुसत होत्या. म्या म्हटलं होतं, "तुमचं जुनं तुमच्यापाशी ठेवा." त्याच बोलावर तुमी केनवडले लेकीकडे गेल्या.

लाकूड भिजलं, करडीचं तेल फेसाळलं. साहेब म्हणे, "वाळवा, आठ दिवसांनी येतो." मंग म्या पेंडीनंच पुसला. तेल नितळ निघालं, नव्या घाण्याचं अनुदान मंजूर झालं. साहेबानं इचारलं, "कोणाजवळ शिकल्या?" म्या तुमचं नाव सांगितलं.

हे पत्र टाकत नाई. माफी कागदावर कायले मांगू? सकाळच्या जीपनं मीच येऊन राह्यली. नवा घाणा तुमच्याच हातानं सुरू होईन.

तुमची तोंडाळ धाकटी,
सरिता