बिनगाठीचा दोरा

२६ जुलै

वर्गात आज शवपेटीत झोपवलं. दहा मिनिटं आत पडून स्वतःच्या मरणाचा विचार करायचा. मी घोरले! शिकवणाऱ्या बे मॅडम म्हणाल्या, "आजी, बाकीचे रडत होते." त्यांना घरी झोप मिळत असेल.

मरणाऱ्याच्या सोबतीला कसं बसायचं ते शिकवतात तिथे. रोज वहीत लिहा म्हणतात. मला अक्षर येत नाही. मी बोलते, जाऊबाई लिहितात. मरायच्या त्याच आहेत — पोटाचा कॅन्सर. हेही त्यांनीच लिहिलं. मला माझ्या माहेरच्या गावावरून हाक मारतात — "सुन्चांगवाली, 'मरायच्या'ऐवजी 'निघायच्या' लिहू का?" मरायच्याच लिहा, म्हटलं.

२८ जुलै

अधिक महिना लागलाय. आमच्याकडे या महिन्यात मरणाचे कपडे शिवले की आयुष्य वाढतं म्हणतात. "चौऱ्याऐंशीची झाले, अजून किती ताणतेस!" — जाऊबाई. तागाचं कापड काढलं. दोऱ्याला शेवटी गाठ मारायची नाही, नाहीतर जाणारा अडकतो. "अडकले तर जन्मभर तुझ्या हातचं खावं लागेल. बघ हं!"

२ ऑगस्ट

"शेवटी काही करायचं नाही. नुसतं बसायचं," मॅडम म्हणतात. तेच मला जमत नाही. आमचे हे गेले तेव्हा मी घरामागे लसूण उपटत होते. आले तर गार. माझ्या हाताला मातीचा वास. तेव्हापासून आत काही हलत नाही.

या खेपेला उठायचं नाही. एवढ्यासाठीच वर्गाला जाते.

जाऊबाईंनी इथे पेन थांबवलं. मग म्हणाल्या, "लसूण मात्र चांगला होता त्या वर्षी."

७ ऑगस्ट

कपडे शिवून झाले.

११ ऑगस्ट

तीन चमचे पेज. "ही पेज की भांडी विसळलेलं पाणी?" पेजच. "मग शिकलीस काय साठ वर्षांत!"

१४ ऑगस्ट

जाऊबाईंनी मरणाचे कपडे मांडीवर मागून घेतले. मग कात्री मागितली. नखं कापायची म्हणे. नखं मी कालच कापली होती! दिली, आणि पेज बघायला गेले.

अक्षर आता गांडुळासारखं वळवळतंय म्हणतात. मला काय, सगळं सारखंच.

१९ ऑगस्ट

आता बे मॅडम लिहितायत.

सकाळी शेगडीवर पेज उतू गेली. मग करपली. घरभर धूर. उठले नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता. दहाच्या सुमारास श्वास यायचा थांबला.

रडू आलं नाही. पातेलं घासलं.

२० ऑगस्ट

आज कपडे चढवले. जाऊबाईंकडून हे लिहून घेता येत नव्हतं, म्हणून आता सांगते — गळपट्टीच्या आत मी चोरून एक गाठ मारली होती. अडकू दे, म्हटलं. चढवायच्या आधी सोडायला बोट घातलं.

गाठ नव्हती. कात्रीने कापलेली. दोरा मोकळा.

लबाड! एका शब्दाने बोलली नाही.