लेकीची बुडी

आई,

गेल्या हिवाळ्यात, मँचेस्टरच्या घरी, तुझ्या नातीच्या होणाऱ्या सासूबाईंना शुक्रवारी शब्बाथच्या जेवणाला बोलावलं. इथे तेलाच्या दिव्याऐवजी मेणबत्त्या लावतात, त्या लावल्या, आणि तू करायचीस तशी नारळाच्या दुधातली कोंबडी केली. पांढरा रस्सा बघून बाईंनी काटा खाली ठेवला. मांसात दूध, आणि तेही ज्यू म्हणवणाऱ्यांच्या घरी? मी म्हटलं, "नारळाचं आहे." त्या हसल्या, पण पुढे नुसता भातच खाल्ला. मी मनाने तुझ्या अलिबागच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. मटणाचा दिवस आहे, मी दही मागते, आणि तू वाटी उचलून फडताळात ठेवतेस. "मटण खाल्लंयस ना? दही रात्री." शनिवार शब्बाथचा, विसाव्याचा; आजोबांचा तेलाचा घाणा बंद, म्हणून अख्खी आळी आपल्याला शनिवार तेली म्हणायची. आपण कोण, हे तिथे कुणी विचारलं नाही.

इथे लग्न लावणाऱ्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, विचारलं. ज्यूपण आईकडून येतं, तर मुलीच्या आईची आई नक्की ज्यू होती का? कोकणातले ज्यू त्यांनी ऐकले होते, पाहिले नव्हते. मुलीने विधीच्या पाण्यात बुडी मारावी, म्हणजे शंका उरायला नको, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले. ती बुडी म्हणजे बाहेरच्याला धर्मात घेणं, हे मला ठाऊक होतं. परतताना ट्राममध्ये लेक म्हणाली, "मम्, प्लीज इश्यू नको करू. इट्स जस्ट वॉटर. मला वेडिंग सिनेगॉगमध्येच पाहिजे." मी बरं म्हटलं. राग यायला हवा होता, आला नाही. दाताच्या इंजेक्शननंतर गाल बधिर होतो, तशी मी अख्खी झाले होते.

तिने बुड्या मारल्या. दर बुडीला काठावरची बाई "कोशर", म्हणजे विधीला धरून झाली, असं म्हणाली आणि मी टॉवेल धरून उभी राहिले. केस पुसताना लेकीने विचारलं, "मग आधी मी कोण होती?"

"आमचीच होतीस. मान खाली घाल, पाणी गळतंय."

लग्न आता ठरल्याप्रमाणे होईल. हे पत्र काही मी कुठे टाकणार नाही. तू गेल्यापासून प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला तू असायला हवी होतीस असं वाटत आलं. त्या पाण्याच्या काठावर मात्र, तू नाहीस याचं मला बरं वाटलं.