जिथे येसेनियाचे नाव लिहिले नाही

मी, एर्लिंदा किन्योनेस, कै. रोसेन्दो किन्योनेस यांची पत्नी, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार भट्टी रस्ता, मेसा कोब्रे, अ‍ॅरिझोना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही. यापूर्वी रोसेन्दो असताना आम्ही दोघांनी एक मृत्युपत्र केले होते. त्यात त्याने सगळे मला दिले होते आणि मी त्याला. ते आता रद्द समजावे. वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता, पण त्यातल्या जागा फार आखूड होत्या. मला जे लिहायचे आहे ते त्यांत मावले नसते.

कलम १. माझ्या पश्चात सर्व व्यवहार माझा भाचा ऑक्टाव्हियो, म्हणजे माझी धाकटी बहीण ओफेलिया हिचा मुलगा, याने पाहावेत. तो वेळेवर येतो आणि आलेली पत्रे उघडून वाचतो, एवढे गुण मला पुरेसे आहेत. मोबदला म्हणून त्याने माझी निळी पिकअप घ्यावी. तिचे उजवे दार आतून उघडत नाही. विकायची झाल्यास घेणाऱ्याला हे आधी सांगावे.

कलम २. मला रोसेन्दोच्या शेजारी पुरावे. दगडावर माझे नाव आधीच कोरलेले आहे, साल तेवढे घालायचे आहे. मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सेंट झीटाच्या चर्चमध्ये व्हावी. नंतरच्या जेवणाला कोणीही काहीही आणावे, फक्त सोकोर्रो माद्रिदने तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या पुरचुंड्या, आणू नयेत. १९९१च्या जत्रेत तिने माझ्या तामालेसना सगळ्यांदेखत कोरड्या म्हटले होते. तिने यावे, बसावे, पोटभर जेवावे, पण स्वतःचे भांडे घरी ठेवून यावे.

कलम ३. आईचा दगडी पाटा ओफेलियाला द्यावा. आईने तो तिलाच कबूल केला होता. शेवटच्या दिवसांत आईला कोण कोण आहे ते कळत नव्हते, आणि मी "हो आई, मीच ओफेलिया" असे म्हणून तो उचलून आणला. पाट्यावर एका कोपऱ्याला टवका उडाला आहे, तो माझ्या हातून.

कलम ४. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधीचा खर्च भागवावा. उरेल ते मेसा कोब्रेच्या सरकारी प्राथमिक शाळेच्या वाचनालयाला द्यावे. हे वाचून माझ्या ओळखीच्या पुष्कळांना आश्चर्य वाटेल. त्यांनी पुढचे वाचावे.

कलम ५. रोसेन्दोची हत्यारे, लाल पेटीसकट, येसेनिया बार्रागान हिला द्यावीत. ती दर एप्रिलमध्ये माझ्या छपरावरच्या कूलरचे पॅड बदलायला येते आणि गंजलेला नट कसा सोडवायचा हे तिला कळते.

कलम ६. राहते घर, मागच्या डाळिंबाच्या झाडासह, मी येसेनियाची आई एउसेबिया बार्रागान हिला देत आहे. ती माझ्या नात्यातली नाही. गेली सतरा वर्षे मी बाजारात तिला पाहिले की दुसऱ्या रांगेत वळत आले. असे का, ते लिहिणे भाग आहे.

सेंट झीटा चर्चच्या खासगी शाळेच्या कचेरीत मी एकतीस वर्षे काम केले. एउसेबिया तिथे झाडलोट करायची. येसेनिया तेव्हा नऊ वर्षांची, तिसरीत. २००७ साली शाळेला फी वाढवावी लागली आणि नोकरांच्या मुलांची माफी बंद झाली. मार्ग एकच होता, शिष्यवृत्ती. आपल्या राज्यात माणसाने राज्याचा आयकर सरकारात न भरता खासगी शाळांसाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला भरला, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत तेवढा कर माफ होतो. दर वर्षी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, रविवारी मिस्सा सुटली की मी ते फॉर्म घेऊन दाराशी उभी राहत असे. "तुमच्या पदरचा एक पैसा जात नाही," मी लोकांना सांगायची. "भरायचाच आहे तो कर, फक्त आपल्या मुलांकडे वळवायचा." मला ते मनापासून पटलेले होते आणि बऱ्याच अंशी अजून पटते. त्या पैशावर शिकलेली मुले चांगली निघाली. त्यांचा यात काही दोष नाही.

फॉर्मच्या तळाशी एक रेघ असायची. कोणत्या विद्यार्थ्याची शिफारस करता, त्याचे नाव तिथे लिहायचे. स्वतःच्या मुलाचे नाव चालत नसे. म्हणून मी जोड्या लावायची. औषधवाल्याने दंतवैद्याच्या मुलीचे नाव लिहायचे, दंतवैद्याने औषधवाल्याच्या मुलाचे. पुढे काही वर्षांनी फॉर्मवरच छापून आले की अशी अदलाबदल चालणार नाही. तोवर मी ती बिनदिक्कत केली आणि लोक मला हुशार म्हणायचे.

एउसेबियाने मला नावे दिली. दोन भाऊ, एक मेहुणा, एक शेजारीण. मी सगळ्यांना फोन केले. तिचा थोरला भाऊ हसायलाच लागला. मोठ्या बाईला आमच्यात आदराने दोन्या म्हणतात. "दोन्या एर्लिंदा, आम्हाला राज्याचा कर लागतच नाही हो," तो म्हणाला. "कर लागण्याइतकं कमावलं असतं तर पोरीची फी आम्हीच नसती भरली?"

मी इतक्या वर्षांत कधी विचारच केला नव्हता, की ज्याच्या ओळखीपाळखीत कोणाला कर लागत नाही, त्याच्या मुलासाठी वळवायला काही नसतेच. ज्यांच्यासाठी हे सगळे आहे असे मी चर्चच्या दाराशी सांगत होते, तेच बाहेर राहत होते. त्या फोननंतर मला ते कळले. नंतर मला कळत नव्हते असे म्हणायला जागा उरली नाही.

एक फॉर्म अजून कोरा होता. तो आमचा, रोसेन्दोचा आणि माझा. त्यावर येसेनियाचे नाव लिहायचे मी मनाशी ठरवले होते. तेवढ्या आधारावर संस्थेने तिला निभावून नेले असते, तसे मला तिथल्या बाईंनी सांगितले होते. त्याच आठवड्यात, रोसेन्दो ज्या तांब्याच्या भट्टीत कामाला होता तिच्या व्यवस्थापकांची बायको, मिसेस प्रेंटिस, मला पार्किंगमध्ये भेटली.

"एर्लिंदा, आमच्या कोल्बीला यंदा जोडी मिळालेली नाही," ती म्हणाली. मग गाडीचे दार उघडता उघडता म्हणाली, "तुझे यजमान अजून रात्रपाळीलाच आहेत का गं?"

याहून जास्त ती बोलली नाही. रोसेन्दो बावीस वर्षे रात्रपाळीला होता आणि खोकत घरी यायचा. मी घरी येऊन त्या रेघेवर कोल्बी प्रेंटिस असे नाव लिहिले. रोसेन्दोने न वाचता सही केली. तो माझ्यावर विसंबून असायचा, म्हणून या गोष्टीत त्याला कोणी ओढू नये. दोन महिन्यांनी त्याला दिवसपाळी मिळाली. त्या बाईच्या शब्दाने मिळाली की त्याची पाळीच आली होती, मला आजही माहीत नाही. मरेपर्यंतची तीन वर्षे तो माझ्या शेजारी झोपला. त्या तीन वर्षांचा मला पश्चात्ताप होत नाही, आणि असे लिहिताना मला लाज वाटते.

पण घर मी याहून वाईट गोष्टीसाठी देत आहे. एउसेबिया पोछा हातात घेऊन कचेरीच्या दाराशी आली. "दोन्या, काय झालं पोरीचं?"

शिफारस मिळाली नाही असे सांगितले असते, तर तिने विचारले असते की तुमच्या फॉर्मवर कोणाचे नाव घातले. म्हणून मी म्हणाले, "वाचनाच्या परीक्षेत कमी पडली. होतं असं काही मुलांचं."

अशी परीक्षा कधी झालीच नव्हती. एउसेबियाने मान खाली घातली. "चूक माझीच," ती म्हणाली. "मला अक्षर येत नाही, घरी वाचून कोण दाखवणार तिला." मग तिने माझे आभार मानले, मी एवढी धावपळ केली म्हणून.

येसेनिया सरकारी शाळेत, ओफेलिया शिकवायची त्या वर्गात गेली. महिन्याभरात ओफेलिया माझ्याकडे आली, पर्स खांद्यावरून न उतरवता उभीच राहिली. "ती पोरगी अख्खा धडा घडाघडा वाचते आणि दर ओळीला माझ्या तोंडाकडे बघते, बरोबर आहे का म्हणून. हिला वाचता येत नाही असं हिला कोणी सांगितलं?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. "तुझ्या वर्गातली पोरं, तू बघ."

"माझ्या वर्गात तेहतीस आहेत, बाई. सरकारात जाणारा कर तुम्ही चर्चच्या दारातून वळवता, आणि वर मलाच बघ म्हणता."

त्यावर मी बरेच काही बोलले, तिच्या नवऱ्यापर्यंत गेले. तेव्हापासून आम्ही दोघी फक्त अंत्यविधींना भेटतो. करासंबंधी ती सगळीच बरोबर होती असे मला आजही वाटत नाही. पण तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते.

गेल्या आठवड्यात येसेनिया छपरावरून उतरून पाणी प्यायला आत आली. तिचा मालक थकला आहे आणि कूलरचा धंदा तिच्या हवाली करायला तयार आहे, फक्त परवाना तिच्या नावावर हवा. "मग घे की," मी म्हणाले.

"लेखी परीक्षा असते, दोन्या. एवढं जाडजूड पुस्तक आहे," ती ग्लास विसळत म्हणाली. तिला वाईट वाटत होते असेही नाही. "माझ्याच्याने नाही व्हायचं. मी वाचण्यात कच्ची, लहानपणापासून. तुम्हाला तर माहीतच आहे."

म्हणून हे घर. मला पुरल्यावर आठवड्याच्या आत ऑक्टाव्हियोने हे कलम दोघींना वाचून दाखवावे.

कलम ७. माझ्या शेवटच्या वर्षाचा राज्याचा आयकर लागला तर तो सरकारात भरावा. कोणताही फॉर्म भरून तो वळवू नये आणि कोणत्याही रेघेवर माझ्या नावाने कोणाचे नाव लिहू नये. इतरांनी काय करावे हे त्यांचे त्यांनी पाहावे.

पुरवणी. वरील मजकूर मंगळवारी पूर्ण झाला आणि मी तो ऑक्टाव्हियोला वाचायला दिला. त्याने कलम ६ दोनदा वाचले. मग म्हणाला, "मावशी, डॉक्टर म्हणतात तुझं हृदय ठणठणीत आहे. तू नव्वदीपर्यंत जगलीस तर? ती पोरगी तोवर चाळिशीला येईल."

मी त्याला तोंड सांभाळून बोल म्हणाले. तो आपल्या गाडीत बसून निघून गेला.  घर देऊन मी मोठेपणा करते आहे असे मला लिहिताना वाटत होते. खरे तर मी एवढेच ठरवले होते की एउसेबियाचा चेहरा मला पाहावा लागू नये.

आज, गुरुवारी, मी दोघींना बोलावले. कॉफी केली, ती कोणी घेतली नाही.  शेवटी मी कलम ६ चे कागद येसेनियापुढे ठेवले आणि आईला मोठ्याने वाचून दाखव म्हणाले.

"मी? नको हो," ती म्हणाली. "ऑक्टाव्हियोला बोलवा."

"वाच," मी म्हणाले.

तिने वाचले. माझे अक्षर किरटे आहे आणि मध्येमध्ये खोडलेले आहे, तरी ती कुठे अडली नाही. परीक्षा झालीच नव्हती, त्या ओळीशी ती थांबली आणि तीच ओळ परत वाचली, या वेळी हळू. मग शेवटपर्यंत वाचले. कागद उलटा करून मागे काही लिहिले आहे का तेही पाहिले. माझ्याकडे मात्र पाहिले नाही.

 एउसेबिया लेकीकडे वळली. "त्यानंतर मी तुला मागच्या यत्तेचं, दुसरीचं पुस्तक घेऊन जेवणाआधी बसवायची," ती म्हणाली. "रोज. भूक लागली म्हणून रडायचीस."

"आठवतं," येसेनिया म्हणाली.

मी क्षमा मागितली. ती मिळाली असे लिहिता येत नाही. घराचे सांगितले तेव्हा एउसेबिया म्हणाली, "आम्हाला आमचं घर आहे, दोन्या." येसेनिया हत्यारे घेईन म्हणाली, पण आत्ता नाही, आणि ती रोसेन्दोची म्हणून. तेव्हा घराबाबत कलम ६ रद्द करावे आणि घर ओफेलियाला द्यावे. कलमातला बाकीचा मजकूर तसाच राहू द्यावा.

सहीसाठी शेजारचे फ्लोरेन्सियो उरियास आले. दुसरा साक्षीदार हवा होता. येसेनियाला हत्यारे मिळायची असल्याने तिने सही करू नये असे वकीलबाईंनी आधीच बजावले होते. ऑक्टाव्हियोचेही तेच. मी फोन हातात घेतला तेव्हा एउसेबियाने विचारले, "ज्याला काही मिळत नाही त्याची सही चालते ना?" मी हो म्हणाले. "मग मी करते, सहीपुरतं येतं मला," ती म्हणाली. "पण वर काय लिहायचं ते मी सांगणार." तिने सांगितले आणि येसेनियाने लिहून घेतले.

ठिकाण: मेसा कोब्रे, अ‍ॅरिझोना
दिनांक: ११ एप्रिल २०२४

(सही) एर्लिंदा किन्योनेस

साक्षीदार १. फ्लोरेन्सियो उरियास, भट्टी रस्ता. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २. एउसेबिया बार्रागान, सफाई कामगार, सेवानिवृत्त. एर्लिंदा किन्योनेस यांनी माझ्यादेखत सही केली. सही करताना त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. सतरा वर्षांपूर्वी कचेरीच्या दाराशी माझ्याशी बोलल्या, तेव्हाही होत्या.