चिंचेनं घासलेली पट्टी

पौड, ता. मुळशी

चि. उत्कर्षा हिला रत्नामावशीचा पोटभर आशीर्वाद. तुझ्या आईचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं तेवढं तापलंय. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि आज मला कुणालाही मध्ये बोलू द्यायचं नाही.

भट्टीत बसवायला तू दिलेल्या, तुझ्या लॅबमधल्या दोन पट्ट्यांपैकी एक बिघडली. माफी मागणार नाही. चिनीमातीच्या पट्टीवर धातूचा केसाहून पातळ थर असतो, तो भट्टीच्या जाळात टिकतो आणि उष्णता कुठून किती निसटते ते मोजतो, एवढं तू सांगितलंस. (मी ऐकत होते. भाकरी थापतानाही ऐकू येतं.) पण तो थर करड्या डागासारखा दिसतो, हे का नाही सांगितलंस? नवी वस्तू वीटभट्टीत जायची म्हणजे पूजा आलीच. आमच्या भट्टीचा जाळ वीस वर्षं सांभाळणारी फुलाबाई म्हणाली, "वैनी, डागाळल्याली वस्तू अशीच पुजायची व्हय?" मग काय, देवाची भांडी घासते तशी चिंच-मीठ लावून घासली. लख्ख निघाली. दुसरी वाचली ती केवळ चिंच संपली म्हणून. जो थर हजार अंशांना दाद देत नाही, तो चिंचेपुढे शेपूट घालतो, यात माझा काय दोष?

घासलेली पट्टी पूर्वेच्या बाजूला बसवली, दुसरी पश्चिमेला. भट्टीची पूर्वेची बाजू माझ्या दिरांनी, एकनाथभावजींनी रचलेली आणि पश्चिमेची मी. (तुझे काका गेल्यापासून भट्टी माझी आणि सल्ला त्यांचा, असा कारभार आहे.) भाताचं तूस पेटवलं. तिसऱ्या दिवशी भावजींनी पट्ट्यांना तारेनं जोडलेल्या तुझ्या डबीवरचे आकडे पाहिले. पश्चिमेला भला मोठा आकडा, पूर्वेला शून्य. झालं! भट्टीभर सांगत सुटले, "माज्या बाजूनं जाळ भाईर जातच न्हाई. वैनीची बाजू निस्ती चाळण हाय. फुडच्या हंगामाला भट्टी मी बघतो, वैनींनी घरी बसावं."

मी घरी बसणार नाही. भट्टी कधी तापली आणि कधी निवली हे मला नुसत्या वासावरून कळतं, आणि भावजींना सर्दी बारा महिने. शून्य म्हणजे पक्की भिंत नव्हे, मेलेली पट्टी, हे तू येऊन त्यांना सांग. शिक्क्याचा कागद आण. माझ्या तोंडचं त्यांना पटत नाही.

कुणापुढेही न वाकणारी,
तुझी मावशी रत्नाबाई

ता. क. चिंचेचं बोलू नकोस. पट्टी प्रवासात बिघडली म्हण.

ता. क. २. वरची ओळ खोडली असं समज. चिंचेचं मीच भावजींना सांगितलं. ते दिवसभर हसले आणि तरी म्हणाले, शून्य ते शून्यच.

ता. क. ३. काल भट्टी उघडली. पूर्वेच्या विटांवरून आमचं भांडण चालू आहे, पण पश्चिमेच्या अर्ध्या कच्च्या निघाल्या. तुझी वाचलेली पट्टी खरं बोलत होती. फार वाईट वाटलं गं. आज माझी बाजू मीच पाडली, उद्यापासून दुहेरी रचून जाड लिंपणार आहे. तू दोन नव्या पट्ट्या घेऊन ये आणि स्वतःच्या हातानं बसव. पुन्हा माझीच बाजू गळली, तर भट्टी सोडते म्हणून भावजींना मी स्वतः सांगेन. पण मोजल्याशिवाय मला कुणी उठवायचं नाही.