धुक्यात तोंडाने ओ देऊ नये

सोमवार, ३ तारीख

जावयाने घेऊन दिलेले बूट चावतात. दोन्ही टाचा सोलून निघाल्या. सासूच्या पायालाही माप असतं, हे त्या शहाण्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. असो. बये, तुझी आई सुखरूप पोचली. इथे मोबाइल लागत नाही, म्हणून तू दिलेल्या वहीत लिहिते. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे, चुका काढत बसू नको.

निवारा झकास आहे. दगडी भिंती, वर पत्रा, झोपायला रांगेने फळ्यांचे बाक, मधे शेगडी. पाठीवर बिऱ्हाड बांधून डोंगर तुडवणारी पोरं संध्याकाळी येतात, सकाळी चालू लागतात. मी झाडायचं, पाणी तापवायचं, त्यांचे मोजे दोरीवर टाकायचे. त्या वासाने मेलेला उठून बसेल.

लोकांना वाटतं म्हातारीला हवापालटाची हौस आली. मागच्या मोसमात तुझा लेक, माझा ढब्ब्या, याच वाटेवर धुक्यात शिरला तो शिरलाच. त्याचं काही हाती लागल्याशिवाय तू त्याचं ताट मांडायची थांबणार नाहीस. एखादा बूट सापडला तरी घेऊन येईन.

बुधवार, ५ तारीख

खेचरवाला रॉकेल आणि बटाटे घेऊन आला. माझ्याहून म्हातारा, पण मला मावशी म्हणतो. पुढच्या बुधवारी तो तुला वर आणणार आहे, तेव्हा बूट तू तुझे नीट बघून घे.

दाराशी आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलाय. धुकं उतरलं की तो दांड्याने वाजवायचा, वाटेवरची माणसं आवाजाच्या रोखाने येतात. लोखंड थांबलं तर असेल तिथे बसून राहतात, अशी इथली रीत. बाहेरून हाक आली तरी उत्तर लोखंडानेच द्यायचं. माणसाचा आवाज कड्यावर आपटून उलटा येतो आणि चुकलेला दरीकडे वळतो. मग खेचराचा पट्टा आवळत हळूच म्हणाला, हाका मारणारे सगळेच वाटेवर असतात असं नाही. ओ मिळाली की ते ओ देणाऱ्याच्या मागे येतात. मी म्हटलं, या वयात माझ्यामागे कोण येतंय.

शनिवार, ८ तारीख

दुपारपासून धुकं. मोसम सरत आला, निवाऱ्यात कोणी नाही. रूळ वाजवत होते. खालून हाक आली. पुन्हा वाजवला. कोणी वर येईना. मग अगदी जवळून, सहज, ए म्हातारे, चहा टाक.

मला असं म्हणणारा जगात एकच होता. त्याला द्यायचं उत्तर माझ्या जिभेवर कायमचं बसलेलं. हात दांड्याकडे जायच्या आत तोंडातून गेलं, म्हातारी असेल तुझी सासू.

बाहेर हसला. तेच हसू, शेवटी ठसका लागणारं.

चहा टाकला. निवून गेला.

रविवार, ९ तारीख

शेवटच्या बाकावरची चटई ओली. मधे माणूस निजल्यासारखी दबलेली. दोरीवर एकच मोजा. माझ्या हातचा, टाच वाकडी विणलेला. हेच न्यायला आले होते ना मी? शेगडीशी धरून बसले. वाळत नाही.

सोमवार, १० तारीख

आज दाराशी. थंडी वाजते म्हणाला. मी म्हटलं, मग आत ये, तुला काय आमंत्रण हवं? मी जागी असेपर्यंत आत येत नाही. आईचं विचारतो. बुधवारी येणार ना, म्हणतो. बुधवारचं मी काही बोलले नव्हते —

मंगळवार, ११ तारीख

धुकं हलत नाही. आज माझा आवाज काढला त्याने. बये, इकडे ये गं बये — मी ओढते तसंच ओढून. माझ्या आवाजाला तू ओ देशीलच. त्याच्या तर विचारायलाच नको —

त्याच्या मनात पाप नाही. पोर गारठलंय. पण तुला घेऊन जाईल —

बुधवार, १२ तारीख

खालून खेचराच्या घंटा. धुकं दाट. वाजवायला उठले तर लोखंड आधीच वाजतंय. दांडा माझ्या हातात. आपला रूळ दाराशी गप्प —

कड्याकडून वाजतंय. मी वाजवला, तर त्यानेही वाजवला. घंटा थांबल्या. आता वळल्या, त्याच्याकडे —

मी जाऊन ओ देते. माझ्यामागे आला की ते वाजायचं थांबेल. खेचरवाला रीत मोडणार नाही, तुला धरून बसवील.

वही कडीला बांधते. बूट दाराशी ठेवलेत, जावयाला परत दे. मोजा नेते, त्याचा एक पाय उघडा आहे. आई मागितली, आजी मिळाली, चालवून घे म्हणावं.

त्याचं ताट मांडू नको. पुढे धुक्यातून त्याने हाक मारली, मी मारली, कोणाच्याही आवाजात मारली, तरी तू ओ द्यायची नाही, बये. लोखंडाने द्यायची. तोंडाने त्याला ओ मी देईन. तू —