टीम लीड, जलसृष्टी आणि एक बकरी

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. गेम बनवणाऱ्याने लिहावी. पुढे कोणी विचारलं, सुरुवात कशी झाली, तर आठवायला बरं पडतं.
सध्या बीसीए, पाचवं सेमिस्टर. हातात दोन गेम. पहिला टीमचा, कॉलेजचा प्रोजेक्ट. नाव 'उस पार'. नाववाला माणसं बसवून गंगा ओलांडतो आणि रामनगरला सोडतो. पहिल्या लेवलला शांत पाणी, दुसऱ्या लेवलला धुकं, तिसऱ्या लेवलला पूर. टीममध्ये आम्ही तिघं. ईशानी ब्रह्माघाटावरची, आमच्यापासून दोन गल्ल्या, बालवाडीपासूनची ओळख. चित्रं आणि ॲनिमेशन तिचं. प्रल्हाद रामनगरचा, कोडिंग त्याचं. टीम लीड मी. मीच सुचवलं होतं, कोणी विरोध केला नाही. शिवाय लेवल तीन माझ्याकडे.
दुसरा गेम माझा स्वतःचा, 'जलसृष्टी'. काशीचे सगळे घाट, खेळणारा कुठेही जाऊ शकतो. चौदा महिन्यांत पाणी जवळजवळ तयार झालंय. घाट अजून नाहीत. पण पाणी जमलं की घाट म्हणजे काय, पायऱ्याच.
संकल्प: सकाळी टीम, दुपारी जलसृष्टी. पक्का.

८ सप्टेंबर, सोमवार
सकाळीही जलसृष्टीच झाली. लाटेवरचं ऊन हलत नव्हतं, तसं टाकून उठणं बरं दिसत नाही.
संध्याकाळी अहिल्याबाई घाटावर जाऊन पाण्याचे बेचाळीस व्हिडिओ घेतले. पाणी वर चढलंय, नावा बंद. एका नाववाल्याने विचारलं, भैया, कुछ गिर गया का? मी म्हणालो, रिसर्च आहे. तो बराच वेळ माझ्याबरोबर पाण्यात बघत उभा राहिला.
प्रल्हादचा मेसेज: लेवल तीन कब तक? कळवलं, फाउंडेशन चालू आहे. खोटं नाही. पाणी हेच फाउंडेशन.

१३ सप्टेंबर, शनिवार
ईशानीकडे गेलो होतो. तिने फोनवर बकरी दाखवली. बकरी नावेत बसते, मध्यधारेत घाबरते, उभी राहते आणि बारा फ्रेममध्ये एका म्हाताऱ्याच्या मांडीवर उडी मारते. म्हातारा आधी दचकतो, मग तिच्या पाठीवरून हात फिरवतो. एवढ्याला चार दिवस लागले म्हणाली.
मी म्हणालो, बकरी छान आहे, पण प्लेअर बकरीकडे बघेल, पाण्याकडे बघणार नाही.
ती म्हणाली, हो, म्हणूनच काढली.
पुण्याच्या एका स्टुडिओत इंटर्नशिप आहे, दहा ऑक्टोबरपर्यंत फॉर्म. ती 'उस पार' लावणार. मी जलसृष्टी लावणार. तिला जड जाईल, पण मी काही बोललो नाही. मैत्रीत असं बोलू नये.
बिचारीकडे स्वतःचा लॅपटॉप नाही. लॅबमध्ये काढते आणि टीमच्या क्लाउड फोल्डरमध्ये ठेवते. लॅबची मशिनं दर आठवड्याला पुसून टाकतात.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ३
पाण्याची नवी फाइल प्रचंड झाली. माझ्या अकाउंटला जागा उरली नाही. टीमचं फोल्डर मात्र निम्मं रिकामं. लीड म्हणून तेवढा हक्क आहेच. तरी थोडी जागा कमी पडत होती, म्हणून सफाई केली. 'पुराना_२' नावाचं काहीतरी होतं, उडवलं. कचरापेटीही रिकामी केली. अर्धवट काम मला आवडत नाही.
लाटेवरचं ऊन आता हलतं. फार मोठा दिवस.

२० सप्टेंबर, शनिवार
सकाळी ईशानीचा फोन. तिची सगळी ॲनिमेशन गायब. नाववाला, म्हातारा, घागरवाली, बकरी. तीन आठवड्यांचं काम. जुन्या स्केचेसच्याच फोल्डरमध्ये ठेवत गेली होती, नाव बदलायचं राहिलं.
मी विचारलं, नाव काय होतं? ती म्हणाली, पुराना_२.
आता यात दोष कोणाचा? नाव असं कोण ठेवतं? तेही सांगणार होतो, पण ती रडत होती, म्हणून नंतर सांगू म्हटलं.
ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की परवा रामनगरहून प्रल्हादचा अपलोड अडकला होता, त्याचं तर काही नाही? आरोप केला नाही. प्रश्न विचारला.
प्रल्हादने तासाभराने लिहिलं, हमसे ही कुछ हुआ होगा, सॉरी ईशानी. इतक्या पटकन कबूल करायला नको होतं त्याने. मला विचार करायला वेळच मिळाला नाही.
ईशानीने दोघांचेही मेसेज बघितले. उत्तर दिलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार
प्रल्हाद रोज पूल ओलांडून सायकलने येतो आणि ईशानीला मदत करतो. ती आता घरीच कागदावर रेघ काढते, तो रंग भरतो. आई ईशानीकडे हळदीकुंकवाला गेली होती. म्हणाली, पोरीचे डोळे सुजलेत. तो मुलगा भिजत आला होता, पण आधी हात पुसले आणि मगच कागदाला हात लावला. मग मला विचारलं, तू का नाही जात रे?
मी म्हणालो, माझं काम वेगळं आहे.
आई म्हणाली, असेल बाबा.
उद्या सांगून टाकतो. आधी नीट शब्द जुळवतो.

१ ऑक्टोबर, बुधवार
शब्द जुळले नाहीत. सहा मसुदे केले. प्रत्येकात शेवटी फोल्डरच्या नावाचा मुद्दा येतोच.
बाबांनी जेवताना विचारलं, गेम कुठवर आला? बँकेत सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी. म्हणालो, पाणी झालं. ते म्हणाले, वा.
लेवल तीन उद्या सुरू. सबमिशन सोमवारी आहे. चार दिवस पुष्कळ झाले.

६ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ५
सबमिशन झालं.
लेवल तीन प्रल्हादने करून आणली होती. मला विचारलंही नाही. नुसत्या निळ्या पट्ट्या, वरखाली होतात. नाव त्यात डोलते. बाकी काही नाही. पण बघणारा नावेचा काठ धरावा तसा टेबलाची कड धरतो. प्रोजेक्टच्या सरांनी धरली होती.
नवी बकरी सहाच फ्रेमची आहे. सरांनी तो भाग दोनदा खेळला. मग विचारलं, ॲनिमेशन मध्येच तुटक का वाटतं?
मी बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं.
प्रल्हाद म्हणाला, सर, फाइलें हमारी गलती से डिलीट हो गई थीं, दुबारा बनाना पड़ा.
सरांनी त्याला फैलावर घेतलं. बॅकअप नावाची गोष्ट माहीत नाही का, वगैरे. त्याचे दहा मार्क कापले, समोरच. तो मान खाली घालून उभा. मग सरांनी मला विचारलं, लीडने काय केलं? मी म्हणालो, व्हिजन. तेवढ्यात पुढचा ग्रुप आत आला.
मला पूर्ण मार्क.

७ ऑक्टोबर, मंगळवार
जेवण गेलं नाही. जलसृष्टी उघडली आणि बंद केली.
दुपारी ईशानीकडे गेलो. दारातच सांगितलं की पुराना_२ मी उडवलं. एका दमात. फोल्डरच्या नावाचा मुद्दा काढला नाही.
ती म्हणाली, माहीत आहे. फोल्डरच्या बाजूला यादी असते, कोणी काय केलं त्याची. त्यात तुझंच नाव लिहिलं होतं, देवव्रत, वेळेसकट. वीस तारखेलाच बघितलं.
मी विचारलं, मग बोलली का नाहीस?
म्हणाली, तू बोलशील असं वाटलं होतं. आधी एक दिवस वाट बघितली. मग कामच इतकं होतं की वाट बघायचं राहून गेलं.
प्रल्हादला? त्यालाही तिने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, तुझी चूक नाही म्हणून. मग तो सरांपुढे तसं का म्हणाला? ते त्यालाच विचार, म्हणाली. तिला फॉर्म भरायचा होता. मी निघालो.

९ ऑक्टोबर, गुरुवार
सरांना मेल केला. फाइली मी काढल्या, मार्क माझे कापा. तीन ओळींचा. आधी पानभर झाला होता.
सरांचं उत्तर आलं: मार्क वर पाठवले आहेत, आता बदलत नाहीत. पुढच्या वेळी वेळेवर बोलावं.
पुण्याचा फॉर्म उघडला. त्यात एकच गोष्ट मागितली आहे, खेळता येईल अशा गेमची लिंक. बंद केला.

१२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ६.३०
रामनगरला जाऊन आलो. प्रल्हादच्या वडिलांचं चौकाजवळ शिलाई मशिन दुरुस्तीचं दुकान आहे. तो एका मशिनचं चाक पुसत बसला होता. मी माफी मागितली. त्याने स्टूल पुढे केलं.
विचारलं, सरांपुढे तू का बोललास?
म्हणाला, सर पूछ रहे थे. किसी को तो बोलना था.
पुढे त्याने विषय वाढवला नाही. मला वाटलं होतं, ओरडेल. त्याची तयारी करून गेलो होतो.
ईशानीने गेम पुण्याला पाठवलाय. आता दोघं फोनसाठी बनवतायत. मी म्हणालो, मीही काहीतरी करतो. पाणी हवं तर नवीन देतो. तो म्हणाला, पानी ठीक है भाई. मग थोडा विचार करून म्हणाला, खेलके देख लो, कहीं कुछ टूटे तो लिख देना.
घरी येऊन बसलो. तिन्ही लेवल चार वेळा खेळलो. उलट्या दिशेला गेलो, नाव काठावर आपटली, पुरात मुद्दाम थांबून राहिलो, म्हाताऱ्याला न घेताच निघालो. सगळीकडून पोचलो.
कुठेही काही तुटलं नाही. तसं लिहून पाठवलं.