तीन सूत कमी

॥ श्री ॥

सिंदी मेघे, वर्धा
दि. ६ ऑगस्ट २००१

चि. नरहर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि येतं तेवढं तू आपल्या सोयीचं ऐकतोस, म्हणून लिहिते आहे. काल वेदश्री आली ती पायही न धुता पडवीत गेली आणि बाबांच्या मोटरसायकलीवरची ताडपत्री काढून बसली. तिचं म्हणणं, मामा गाडीची फ्रेम कापून तिच्यात दुसरं इंजिन बसवून देणार आहे. मला न विचारता? हे जाऊन सहा वर्षं झाली, पण गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे आणि त्या नावाची बायको अजून जिवंत आहे.

पोरीची अडचण मला कळत नाही असं नाही. तुझ्या घरून सकाळची एसटी, फाट्यावर उतरायचं, तिथून चिचझरीच्या शाळेपर्यंत सहा किलोमीटर दगडगोटे आणि मध्ये ओढा. मोपेड घेऊन दिली तर ती ओढ्यात रुतून बसली. उशिराचा एक शेरा मिळालाच आहे, आणि शिक्षणसेवकाची नोकरी म्हणजे तीन वर्षं टांगती तलवार. सगळं कळतं. पण म्हणून तू गाडीला करवत लावणार?

धरणाच्या कामावरचा तो परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना यांना ही गाडी विकून गेला, तेव्हापासून ती माझी सवत म्हणून या घरात आहे. ओव्हरसिअरसाहेब कालव्याच्या बांधावरून, चिखलातून, नांगरटीतून तिच्यावर हिंडायचे. मला एकदा मागे बसवलं नाही. म्हणे मागे सीटच नाही. आता तिची राखण माझ्याच गळ्यात आली आहे. मी तिला कापू देणार नाही, आणि यावर मला वाद नको आहे.

घरी सगळ्यांना आशीर्वाद सांग. राग पत्रात ओतला आहे, लोभ माझ्याजवळ शिल्लक आहे. तुझाही राहू दे.

तुझी
मीराताई


॥ श्री ॥

आर्वी
दि. ११ ऑगस्ट २००१

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी भावजय वाचून हसली, मी हसलो नाही.

ताई, त्या गाडीचं इंजिन जाम होऊन पंधरा वर्षं झाली. भाऊजींनी स्वतः पार्टसाठी मुंबई-कलकत्त्याला पत्रं घातली होती, एक रिंग मिळाली नाही. माझ्याकडे अपघातातल्या एका गाडीचं शंभर सीसीचं इंजिन पडून आहे, शिलाई मशीनसारखं चालतं. फक्त ते बुडाला अरुंद आणि डोक्यानं उंच आहे, आणि भाऊजींच्या गाडीची फ्रेम रुंद, ठेंगण्या इंजिनासाठी बनलेली. म्हणून वरचा पाइप कापून जरा उचलायचा आणि खाली इंजिन धरायला नवे कान वेल्ड करायचे. चेसिस नंबर वर स्टीअरिंगपाशी आहे, त्याला धक्का लागणार नाही. एकदा असं पक्कं काम केलं की दगडावर आपटली तरी गाडी दाद देणार नाही. तीस वर्षं आगारात एसट्या दुरुस्त केल्या, मेहुण्याची फटफटी बिघडवीन होय?

पण तू नाही म्हणतेस तर करवत उचलत नाही. दुसरा उपाय कच्चा आहे. जाड लोखंडी पट्ट्या करायच्या आणि जुन्याच भोकांत बोल्टनं आवळायच्या. इंजिन थोडं खाली लोंबेल, ओढ्यात आपटलं की पट्ट्या ढिल्या होतील, पण कापाकापी नाही. त्यासाठी फ्रेमच्या खालच्या दोन भोकांतलं अंतर हवं. माझी कंबर धरली आहे, एसटीत दोन तास बसवत नाही, नाहीतर मीच आलो असतो. तेव्हा नीट मोज आणि सूत बरोबर पाठव. सूत चुकलं की सगळं चुकलं.

वेदश्री मजेत आहे असं लिहिणार होतो, पण तुला खोटं चालत नाही. शाळेतून आली की पाय गरम पाण्यात सोडून बसते.

चुकलंमाकलं पोटात घाल, आणि आमच्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
नरहर


॥ श्री ॥

सिंदी मेघे
दि. १६ ऑगस्ट २००१

चि. नरहर यास आशीर्वाद. वि. वि.

सूत पाठव म्हणालास, सोबत पाठवलं आहे. माझ्या टकळीवरचं आहे, बाजारचं नाही. दोन्ही भोकांच्या मध्यबिंदूंवर एकेक गाठ मारली आहे. गाठ ते गाठ ते तुझं अंतर. ज्या कामाला माझा होकार नाही त्यासाठी गुडघे टेकून गाडीखाली वाकले, हे लक्षात ठेव.

पट्ट्यांना माझी हरकत नाही, मात्र रंग खरवडायचा नाही. पट्ट्या आमच्या इथल्या बंडूजी वेल्डरकडे पाठव, त्यांचा हात हलका आहे. परवा पोळा. वेदश्रीला पुरणाची पोळी तुपात बुडवून दे, ती मागणार नाही. कंबरेला शेक घे.

बाकी ममता आहेच, ती मोजून पाठवता येत नाही.

तुझी
मीराताई


॥ श्री ॥

सिंदी मेघे
दि. २९ ऑगस्ट २००१

चि. नरहर यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पट्ट्या एसटीच्या ड्रायव्हरनं आणून दिल्या. बंडूजी सकाळपासून पडवीत आडवे पडून होते. एक बोल्ट जातो, दुसरा जात नाही. शेवटी घाम पुसत उठले आणि म्हणाले, बाई, हे काऊन बसून नाई राह्यलं मले समजूनच नाई राह्यलं. मग मोजपट्टी लावून पाहिली आणि म्हणाले, तीन सूत कमी हाये, तुमच्या भावाले पुसा त्यानं काय मोजलं.

तेव्हा विचारते आहे. तीन कप चहा झाला, पडवीभर ग्रीस झालं, गाडी होती तिथेच आहे. कदाचित तिच्या मनातच नसेल. आता हा नाद सोड.

आशीर्वाद आहेतच, रागावू नकोस.

तुझी
मीराताई


॥ श्री ॥

आर्वी
दि. १ सप्टेंबर २००१

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

त्यानं काय मोजलं? ताई, कारखान्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग! मी अंतर किती इंच किती सूत ते विचारलं, आणि तू लखोट्यात धागा घालून पाठवलास! वर्ध्याच्या माणसाला सूत म्हटलं की चरखाच दिसायचा, हे मलाच कळायला हवं होतं. मीही शहाणा. धागा पाहून बुचकळ्यात पडलो, पण ताईची गाठ आहे, चुकायची नाही, म्हणून तीच प्रमाण मानली आणि लोखंडाला भोकं पाडली. हातकताईचा धागा पावसाळी हवेत आकसला, दुसरं काय! जुन्या आगारात तानबा फोरमनला सांगितलं तर त्यानं हसता हसता बशी सांडली. मला म्हणे, नरहरभाऊ, बहिणीले एक मोजपट्टी घेऊन दे, दिवाळीची ओवाळणी होऊन जाईल.

मला हसू येत नाही. नव्या पट्ट्यांना आठ दिवस लागतील. वेदश्रीला सोमवारी दुसरा शेरा मिळाला. तिसरा मिळाला तर वर तसं कळवावं लागेल, असं हेडमास्तरांनी तिला समजावून सांगितलं. ते भले आहेत, पण मस्टर त्यांच्या हातचं नाही. आता मला कच्चं काम करायचंच नाही. फ्रेम इथे पाठव, मी कापून पक्कं करतो. किंवा नाही म्हणून एका ओळीत कळव, म्हणजे पोरीला आशेवर ठेवायला नको.

चिडून लिहिलं. धाकटा आहे, सांभाळून घे.

तुझा
नरहर


आर्वी
दि. ४ सप्टेंबर २००१

ती. आईस सा. न. वि. वि.

मी बरी आहे. काल ओढ्यात पाय सरकला, गुडघा सोलवटला आणि मुलांच्या वह्या भिजल्या. तारेवर वाळत घातल्या तर पोरांना फार मजा वाटली. उशीर झाला नाही, दोन मिनिटं राहिली होती, कारण पडल्यावर मी उरलेली वाट पळत गेले.

आई, मामा दिवसभर सुताला शिव्या घालतो आणि मामी त्याला गप्प करते. मी त्याला सांगितलं, आईला बोलू नकोस, तिनं बिचारीनं मनापासून मोजून पाठवलं, तिला यंत्रातलं काय कळणार. तू मनाला लावून घेऊ नकोस. बाबांची गाडी आहे तशी राहू दे. मला ती शाळेसाठी हवी होती, तुला दुखवायला नाही.

तुम्ही दोघं भावंडं एकमेकांना इतकी छान पत्रं लिहिता की मध्ये माझी नोकरी आहे हे कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून मीच ठरवलं आहे. सोमवारी राजीनामा देते. तिसऱ्या शेऱ्यानं जाण्यापेक्षा आपण होऊन गेलेलं बरं. तिसरीतला श्रावण वाचायला लागला आहे, तेवढं वाईट वाटतं.

जेवत जा. तुझी माया आहे तशीच मिळू दे.

तुझी
वेदश्री


॥ श्री ॥

सिंदी मेघे
दि. ६ सप्टेंबर २००१

चि. नरहर यास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देते आहे, म्हणजे आजच पोचेल. मधे बोलू नकोस, शेवटपर्यंत वाच.

धागा आकसला नव्हता. मी पस्तीस वर्षं सातवीला गणित शिकवलं, इंचाचे आठ सूत मला ठाऊक नसतील? यांची स्टीलची मोजपट्टी कपाटात आहे. त्या दिवशी मी तिनंच मोजलं होतं, अगदी बरोबर. मग धागा घेतला आणि दुसरी गाठ मुद्दाम तीन सूत अलीकडे मारली. आकडा लिहिला असता तर खोटं माझ्या अक्षरात राहिलं असतं. तू धाग्याला दोष देशील हेही मला माहीत होतं. बंडूजी घामाघूम होऊन माझ्या पडवीत खपत होते आणि मी त्यांना चहा करून देत होते.

काऊन केलं, विचारशील. हे फिरतीवर असायचे. संध्याकाळी मी शाळेतून यायची, तेव्हा फाटकातून पहिल्यांदा पडवीत बघायची. गाडी उभी असली म्हणजे हे घरी आलेले असायचे. अजूनही बाहेरून आले की मी आधी तिकडेच बघते. गाडी उभी दिसते आणि कुलूप काढेपर्यंत मला बरं वाटतं. तेवढ्यासाठी मी तुला फसवलं. पट्ट्या बसल्या असत्या तर गाडी वेदश्रीबरोबर गेली असती, कापली काय आणि न कापली काय.

आणि ती पोर सोलवटलेल्या गुडघ्यानं लिहिते, आईनं बिचारीनं मनापासून मोजलं. नरहर, ते वाक्य मला गिळवत नाही.

तिला सोमवारी शाळेत पाठव, राजीनामा न देता. तुझ्या ओळखीचा कोणी जीपवाला असेल तर गाडी होईपर्यंत तिला चिचझरीला सोडायला सांग. गाडी बंडूजी शनिवारी टेम्पोत घालून आणतील, आर. सी. बुक मी त्यांच्याजवळ देते, इंजिनाची नोंद बदलून घे. पट्ट्यांचा कच्चेपणा नको. पाइप कापायचा तिथे काप आणि तुझ्या मनासारखं पक्कं कर.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी येते आहे. तोवर करवत लावू नकोस. पहिले दहा हात मी मारणार. मग उरलेलं तू काप, आणि मी आत तुझ्या बायकोजवळ जाऊन रडून घेईन.

हे पत्र वेदश्रीला मी यायच्या आधी वाचायला दे. तिच्यासमोर बसून एवढं सांगायची माझी छाती नाही.

लोभ ठेव असं या वेळी हक्कानं लिहवत नाही, मागते आहे.

तुझी
मीराताई